टाचगुलाबी

सोमवारी सकाळी आठ वाजता ठिपकेकाका सात मजली इमारतीच्या गच्चीवरून दोरांच्या झुल्यात बसून खाली सुटणार होते, आणि त्यांना नीट दिसत नाही हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. एक ते स्वतः, पण ते मानत नव्हते. दुसऱ्या काकू, पण त्यांचं ते ऐकत नव्हते. तिसरी ठकूची आई. तिचं त्यांनी ऐकलं असतं, पण तिनेच मंगळवारी त्यांच्या तोंडावर, हसून, खोटं सांगितलं होतं.

शनिवार दुपारपासून ही गोष्ट तिच्या मानगुटीवर बसली होती. धुतलेले कपडे वाळत घालायला ती गॅलरीत गेली आणि ओला टॉवेल हातात धरून नुसती दोरीकडे बघत उभी राहिली. जिना चढताना तिने पहिल्यांदाच पायऱ्या मोजल्या. एका मजल्याला अठरा. अठरा साते किती, हे मनात येऊ नये म्हणून तिने शेजारणीशी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारल्या. संध्याकाळी नवऱ्याने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हणाला, साखर विसरलीस ते ठीक, दूध विसरलीस तेही चालेल, पण पाण्यात निदान चहापत्ती तरी दाखवून काढायचीस. एरवी ती हसली असती.

ठिपकेकाका म्हणजे घरं रंगवणारा माणूस. वय चौसष्ट, बांधा काटकुळा, आणि बोटांची नखं कायम कुठल्या ना कुठल्या घराच्या रंगाची. त्यांचं खरं नाव काकूंना तेवढं आठवत असावं. बाकी सगळ्यांसाठी ते ठिपकेकाका, आणि त्याचं कारण त्यांची एक सवय. डब्यात रंग कालवला की त्याचा पहिला ठिपका ते भिंतीला कधी लावत नसत. तो लावायचा स्वतःच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला. मग तो वाळेपर्यंत थांबायचं. वाळला की एकदा खिडकीशी जाऊन बघायचं, एकदा खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, एकदा दिव्याखाली. तिन्हीकडे पटला तरच ब्रश बुडवायचा. घाईच्या गिऱ्हाइकाने कुरकुर केली तर ते शांतपणे सांगत, "ओला रंग खोटं बोलतो. वाळला की त्याच्या तोंडून खरं निघतं." कामाच्या दिवसांत त्यांच्या मनगटावर ठिपक्यांची अशी रांग लागायची की एकदा दवाखान्यात कुणाला तरी भेटायला गेले, तर तिथल्या नर्सने त्यांनाच बाकावर बसवून घेतलं.

ठकूच्या आईची आणि त्यांची ओळख सव्वीस वर्षांची. ठकूइतकीच. ठकू दोन महिन्यांची होती आणि घरातली मागची खोली तिच्यासाठी रंगवून घ्यायची ठरली. खोली उत्तरेची, उन्हाचं तोंड न पाहिलेली. ठकूच्या बाबांना मळखाऊ रंग हवा होता; लेकरू भिंतीला हात लावणार, पाय लावणार, मळखाऊ बरा. आईला गुलाबी हवा होता. बाबा म्हणाले, गुलाबी म्हणजे औषधाच्या गोळीत राहिल्यासारखं वाटेल. दोघांची अशी जुंपलेली असताना ठिपकेकाका, तेव्हा अडतीस वर्षांचे, दाराशी रिकामा डबा घेऊन उभे होते. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. ते बघत होते आईच्या मांडीवर झोपलेल्या ठकूकडे. दुपट्यातून तिचा एक पाय बाहेर आला होता.

"वहिनी, पाय जरा तसाच राहू द्या," ते म्हणाले आणि तिथेच जमिनीवर बसून कालवायला लागले.

पांढऱ्यात त्यांनी लाल घातला, अगदी शकुनापुरता. मग पिशवीतून एक प्लॅस्टिकची बाटली काढली. तिच्यात त्यांनी स्वतः पांढऱ्यात कालवून ठेवलेला फिक्कट पिवळा होता. दुकानातला पिवळा फार आगाऊ असतो, एका थेंबाने सगळा डबा ताब्यात घेतो, म्हणून तो आधीच माणसाळवून ठेवायचा. या बाटलीला ते 'ऊब' म्हणत. गुलाबीत लाल नुसता मिरवतो, त्यांनी समजावलं, ऊब असते ती पिवळ्यात. ती नसेल तर साहेब म्हणतात तसंच होतं, औषधाची गोळी. चमचा-चमचा ऊब घालत, मनगटावर ठिपके देत त्यांनी तासभर काढला, आणि शेवटी जो ठिपका वाळला तो ठकूच्या टाचेजवळ धरल्यावर कुठे टाच संपते आणि कुठे ठिपका सुरू होतो हे कळेना. बाबांनीच त्या रंगाला नाव दिलं, टाचगुलाबी. भांडण मिटलं.

तीन भिंती टाचगुलाबी झाल्या. खिडकीची भिंत त्यांनी जवळजवळ पांढरी ठेवली, म्हणजे येईल तेवढा उजेड समोर फेकला जाईल. छताला तोच रंग, निम्मा पांढरा घालून, नाहीतर छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं. काम संपल्यावर आईने भिंतीचं कौतुक केलं तर त्यांना ते फारसं रुचलं नाही. म्हणाले, भिंत दिसतेय म्हणजे अजून वाळायची आहे. "भिंत दिसू नये वहिनी. भिंतीपुढचा माणूस दिसावा."

याचा अर्थ तिला पुढच्या महिन्यांत कळला. ठकू रात्री झोपत नसे आणि दिवसा झोपू देत नसे. न्हाणीघराच्या आरशात आईला स्वतःचा चेहरा भुतासारखा दिसायचा, स्वयंपाकघरातल्या ताटात तर त्याहून वाईट. त्या एका खोलीत मात्र, टाचगुलाबी भिंतीपुढे ठकूला खांद्यावर घेऊन फिरताना, कपाटाच्या काचेत एक दमलेली पण बरी बाई दिसायची. त्या बाईच्या आधाराने तिने ते वर्ष काढलं.

उरलेल्या रंगातून काकांनी वीतभर लाकडी फळी रंगवून दिली होती. जपून ठेवा म्हणाले. पोरीची टाच मोठी होईल, मळेल, भेगा पडतील; ही अशीच राहील.

त्यानंतर दर पाच-सहा वर्षांनी ते यायचे, फळी मागून घ्यायचे, ऊब काढायचे आणि खोली पुन्हा तीच करून जायचे. कधी थेंबाचाही फरक पडला नाही. दुकानात यंत्रं आली, कागदाच्या तुकड्यावर हजार गुलाबी आले, काका मात्र चमचा घेऊन जमिनीवर बसत राहिले.

गेल्या वर्षी किरकोळ डागडुजीला ते वरचेवर येत, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा डबा तिच्यापुढे धरला आणि वर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. चष्मा घरी राहिला म्हणाले. पुढच्या खेपेला पुन्हा घरी राहिला. तिसऱ्या खेपेला चष्मा खिशातून डोकावत होता आणि तरी घरीच राहिला होता. जिन्यातल्या दिव्याभोवती कडं दिसतं, असं ते एकदा बोलून गेले आणि लगेच दिव्याच्या कंपनीला नावं ठेवली. उतरताना शेवटच्या पायरीआधी त्यांचा पाय हवेत चाचपडायचा, पाण्याचा अंदाज घ्यावा तसा.

तिने डॉक्टरांचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. भाऊही रंगकामातलाच, काकांचा गुरूच म्हणा. त्याचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटली त्या दिवशी त्याने भोवती बघितलं आणि विचारलं, हे सगळं निळं कुणी केलं? डॉक्टर हसले, म्हणाले, हेच खरं आहे, आधीचं पिवळं होतं. पण भावाचा हात त्या आधीच्या जगात तयार झालेला. त्यानंतर त्याने कालवलेला एकही रंग त्याला स्वतःला पटला नाही, आणि सहा महिन्यांत त्याने ब्रश दुसऱ्यांना देऊन टाकले.

"डोळे आले वहिनी," काका म्हणाले, "पण नजर गेली."

ती गप्प बसली. गप्प बसणं हा तिचा जुना आजार. कुणाचं मन मोडायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. भीड भिकेची बहीण, असं तिची आई तिला लहानपणापासून ऐकवत आली होती. ते ऐकतानाही ती भिडेने मान डोलवायची.

ठकूला नोकरी लागली, आणि यंदा तिने दोन खोल्यांचं घर घेतलं, तिसऱ्या मजल्यावर. झोपायची खोली उत्तरेची निघाली. ठकूने एकच हट्ट धरला, मला माझाच रंग हवा. बाबांनी सुचवलं की फळी दुकानात ने, यंत्र पाच मिनिटांत जुळवून देईल. हे नेमकं काकांच्या कानावर गेलं.

"यंत्राला टाच असते का?" त्यांनी एवढंच विचारलं. पण असं विचारलं की बाबांनी पेपर तोंडापुढे धरला.

चार दिवस काका एकटे त्या घरात काम करत होते. कुणी मदतीला आलेलं त्यांना नको होतं. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी निरोप धाडला, बघायला या. आई आणि ठकू गेल्या. दिवे लागले होते. ठकू पुढे होऊन भिंतीशी उभी राहिली आणि वळली. पोरीचा चेहरा राखेसारखा दिसत होता. ओठ निळसर, डोळ्यांखाली खड्डे. आईने काही न बोलता तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. बरं वाटत नाही का, तिने विचारलं. ठकूला काही झालेलं नव्हतं. सकाळपासून ती अशीच होती, हसती-खेळती, आत्ताच जिन्यात तिने दोन पायऱ्या एका वेळी चढून दाखवल्या होत्या.

मग आईने भिंतीकडे बघितलं.

रंग गुलाबी होता. फिका होता. हात इतका साफ मारलेला की कोपऱ्यात ब्रशचा एक ओरखडा नाही. पण तो टाचगुलाबी नव्हता. त्यात ऊब नव्हती. ती औषधाची गोळी होती, सव्वीस वर्षांपूर्वी बाबांनी जिची भीती घातली होती तीच.

काका कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसले होते. गुडघ्यावर फळी होती. ते भिंतीकडे बघत नव्हते, आईच्या तोंडाकडे बघत होते.

"वहिनी, जुळला का?"

ठकूने खाली मान घातली. आईची जीभ टाळ्याला चिकटली, आणि मग सुटली ती भलतीकडेच.

"अगदी तोच, काका."

"अजून ओला आहे. तरीपण?"

"तरीपण."

त्यांनी फळी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला. त्या वेळी तिला वाटलं, दमले असतील. जिन्यातून उतरताना ठकू म्हणाली, आई, खोटं बोललीस. आई म्हणाली, चार दिवस राबलाय माणूस. कपाट आलं की अर्धी भिंत झाकेल, पुढच्या वर्षी बघू. एवढ्यावर ते संपलं असतं. घराघरांत अशी तोंडदेखली खोटी रोज बोलली जातात, आणि कुणी त्यांनी मरत नाही.

शनिवारी दुपारी काका ठकूच्या घराची किल्ली परत द्यायला आले. अंगात धुतलेला शर्ट, मनगट कोरं. बऱ्याच दिवसांनी त्यांची बोलायची इच्छा दिसत होती. चहा घेता घेता त्यांनी सांगितलं, की त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता मोठा ठेकेदार झालाय. त्याच्याकडे एका सात मजली इमारतीचं बाहेरचं काम आहे. खिडक्यांच्या कडेने बोटभर रुंद पट्ट्या आहेत, त्या सरळ मारणारा माणूस त्याला मिळेना, म्हणून तो स्वतः घरी आला होता. काकांनी झुल्यावर बसणं आठ वर्षांपूर्वीच सोडलं होतं. त्यांनी आठवड्याची मुदत मागितली.

"मनाशी ठरवलं होतं," ते म्हणाले. "ठकूची खोली नुसत्या डोळ्यांनी जुळली, तर वर जायचं. नाही जुळली तर ब्रश टांगायचा आणि निमूटपणे डॉक्टरकडे जायचं, भावाचं झालं ते आपलं होऊ दे. काकूला काय विचारणार, ती घाबरट. ठेकेदार गोड बोलणार. खरं सांगेल असं माणूस एकच होतं. तुम्ही जुळला म्हणालात, त्याच रात्री त्याला होकार कळवला. सोमवारी आठला सुरुवात."

बोलता बोलता त्यांनी कप टेबलावर ठेवला. अर्धा टेबलावर, अर्धा हवेत. तिने झेप घालून धरला. चहा तिच्या हातावर सांडला. काकांना ते कळलंच नाही. ते खिडकीकडे बघत हसत होते.

तीच वेळ होती. हात भाजत होता, तोंडात वाक्य तयार होतं. पण ती म्हणाली, "सांभाळून काका."

"नजर शाबूत आहे वहिनी. दाखला तुम्हीच दिलाय." आणि जाताना दारातून वळून म्हणाले, की ठकूच्या गॅलरीत त्यांच्या रंगाच्या बाटल्या आहेत, त्या असू द्या, दाराची चौकट राहिलीय, पुढच्या आठवड्यात येऊन उरकतो.

पुढच्या आठवड्यात येऊन. ती दाराला टेकून उभी राहिली. सव्वीस वर्षांत त्यांनी तिला कधी काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा एक खरं मागितलं, आणि तिने ते हातचं राखून ठेवलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, सरळ ठेकेदाराला फोन लाव. तिला ते पटेना. ज्याला ब्रश धरायला शिकवलं, त्याच्यापुढे या माणसाला आंधळा ठरवायचं? उद्या सगळ्या धंद्यात बोभाटा होईल, आणि काका इमारतीवरून नाही तर मनातून पडतील. बरं, नवरा म्हणाला, कमरेला पट्टा असतो ना त्यांच्या? तिने त्याच्याकडे बघितलं. पट्टा कडीत अडकवावा लागतो. कडी दिसावी लागते. तो पेपर न उघडता बसून राहिला.

मग तिने काकूंना फोन केला. काकू हळू आवाजात बोलत होत्या, आतल्या खोलीतून काकांच्या खोकल्याचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, मी सांगून थकले. काल मीठ म्हणून त्यांनी साखर घेतली, परवा शर्ट उलटा घातला आणि तसेच निघाले होते. काही बोललं की एकच उत्तर, ठकूच्या आईने पास केलंय, तुला रंगातलं काय कळतं?

"आमच्या घरात सध्या तुमचा शब्द चालतो," काकू म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. सांगावं, तर चाळीस वर्षांची नजर आपल्या हाताने काढून घेतल्यासारखं. न सांगावं, तर सोमवार. आणि सांगितलं तरी ते मानतील कशावरून? फळी आणि भिंत त्यांना सारखीच दिसतात. म्हणूनच तर विचारलं. तुम्ही मंगळवारी एक बोललात, आज दुसरं बोलताय, काकूने फोन केला वाटतं, असं म्हणून ते हसतील आणि सोमवारी सातला घरातून निघतील.

रविवारी दुपारी ती ठकूच्या घरी गेली. दिवसाच्या उजेडात एकदा बघू, कदाचित मंगळवारी दिव्याचा दोष असेल, कदाचित रंग वाळून सुधारला असेल. माणूस आशेला कुठवर ताणतो याला हिशेब नाही. तिने फळी भिंतीला लावून धरली. रंग वाळला होता आणि खरं बोलत होता. फळी ऊन खाऊन आल्यासारखी, भिंत तापातून उठल्यासारखी. ठकू मागे उभी राहून बघत होती.

"आई, मला चालेल गं हा रंग," ती म्हणाली. "सवय होईल."

"तुझ्यासाठी नाही बघत मी."

ठकूला काही माहीत नव्हतं. आईने तिला झुल्याचं सांगितलं, काकांनी स्वतःची घेतलेली परीक्षा सांगितली. ठकू पलंगाच्या काठावर बसली. मग म्हणाली, तिसऱ्या दिवशी ती अचानक आली होती, तेव्हा काका शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहून पुढची पायरी हाताने शोधत होते. तिला वाटलं, वय झालं.

"पण आई, दाखवणार काय त्यांना? जे दिसत नाही तेच दाखवायचं?"

आई गॅलरीत गेली. तिला जरा हवा हवी होती. तिथे चौकटीच्या आड काकांच्या दोन बाटल्या होत्या, एकाच आकाराच्या, पाणी प्यायच्या जुन्या. एकीत तळाशी तीन बोटं पांढरा रंग उरला होता. दुसरी गळ्यापर्यंत भरलेली. प्लॅस्टिकमधून आतला रंग दिसत होता, फिक्कट पिवळा, सायीसारखा. ऊब. तिने बूच फिरवलं. फिरेना. पदराने धरून फिरवलं, तरी ढिम्म. बुचाच्या कडेने रंग वाळून दगड झाला होता. कित्येक महिन्यांत ते उघडलेलंच नव्हतं.

ती बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणजे चार दिवस ते याच गॅलरीत बसून, चमचा-चमचा, ऊब समजून पांढरा घालत होते. दोन्ही बाटल्या त्यांना सारख्याच पिवळ्या दिसत होत्या. मनगटावर ठिपका देत होते, खिडकीशी नेत होते, कोपऱ्यात नेत होते, दिव्याखाली नेत होते. सगळं नियमाने. एकही पायरी चुकवली नव्हती त्यांनी.

ठकू स्वयंपाकघरातून पक्कड घेऊन आली. "दे इकडे, काढून देते."

"हात लावू नकोस."

ठकू दचकली. आई इतक्या जोरात बोलत नसे.

"उघडू नकोस ते," आई आता हळू आवाजात म्हणाली. "हे डोळ्यांनी बघायचं नाहीये. हे त्यांना हाताला कळेल."

काकांच्या बोटांनी चाळीस वर्षं बुचं उघडली होती. वाळलेली कड अंगठ्याखाली आली की ती कधीची आहे हे त्यांना डॉक्टरपेक्षा आधी समजलं असतं. त्यांना कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नव्हती. तिच्या तर नाहीच.

खिडकीतला उजेड उतरायला लागला होता. साडेपाच झाले होते. पहाटे लवकर उठायचं म्हणून काका दिवेलागणीलाच जेवून पडतात आणि फोन बंद करतात, हे काकूंनी काल सांगितलं होतं. ठकू म्हणाली, बाबांना सांगू का फोन करायला? पुरुष माणसाचं ऐकतील. किंवा मी करते, माझं वाईट नाही वाटणार त्यांना.

"खोटं मी बोललेय," आई म्हणाली.

ती खोलीत आली आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली, जिथे ते बादलीवर बसले होते त्याच कोपऱ्यात. बाटली मांडीवर घेतली. अंगठा बुचाच्या कडेवर राहिला. हे बूच त्यांच्या हातात दिलं की ते काय करतील, तिला दिसत होतं. आधी हसतील. मग जोर लावतील. मग जोर लावायचं थांबवतील. त्या थांबण्याच्या क्षणी ती समोर असणार होती, आणि तेव्हा 'सांभाळून काका' म्हणून सुटका होणार नव्हती. भावासारखं झालं तर? सगळं निळं दिसलं तर? मग टाचगुलाबी पुन्हा तसाच कालवता येणार नव्हता, हे खरं. पण ऊब कालवायला बसणारा माणूस जमिनीवर राहिला, तर चमचा पुन्हा शिकेल. वरून पडलेला माणूस काय शिकणार?

तिने पहिलं वाक्य मनात जुळवून बघितलं. काका, कसे आहात. नको. काका, रागावू नका, पण. तेही नको, 'पण'च्या मागे ती आयुष्यभर लपली होती. शेवटी जे राहिलं ते चार शब्दांचं होतं, आणि ते त्यांच्याच भाषेतलं होतं, त्यांना फोड करून सांगावं लागलं नसतं: काका, रंग आता वाळला. मग म्हणायचं, आजच या. ठकू खाली रिक्षा घेऊन उभी राहील. एक बूच उघडून द्यायचंय.

समोरच्या भिंतीशी ठकू उभी होती, हाताची घडी घालून, चेहरा राखेसारखा. आईने तिला मानेनेच चपला घालायला सांगितलं. फोनमध्ये त्यांचं नाव नुसतं 'ठिपके' असं साठवलेलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि फोन कानाला लावला.